सकाळी वादळ, संध्याकाळी थालीपीठ

या महिन्याच्या गठ्ठ्यातली तीन पत्रं घेतली आहेत. तिन्हींत 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर'ची, म्हणजे व्यक्तिमत्त्व विकाराची शंका आहे आणि तिन्ही ठिकाणी माझं उत्तर वेगळं आहे. नावं-गावं नेहमीप्रमाणे काढून टाकली आहेत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. धाकटी बहीण २७ वर्षांची, पुण्यात आयटीत नोकरी. वडील हार्ट अटॅकने गेले तेव्हा ती ११ वर्षांची होती. पहिल्यापासून हळवी, पण हुशार. गेल्या दोन वर्षांत तिने तीन खोल्या बदलल्या. प्रत्येक रूममेट पहिल्या महिन्यात 'सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची' असते आणि चौथ्या महिन्यात 'तिचं तोंड बघायचं नाही मला'. माझ्या बायकोशीही तेच. दिवाळीला तिच्यासाठी पैठणी आणली, संक्रांतीला तिचा नंबर ब्लॉक. मी वर्गावर असताना फोन उचलला नाही, तर मधल्या सुट्टीपर्यंत वीस-पंचवीस मिस्ड कॉल पडलेले असतात, आणि शेवटी मेसेज : 'कळलं, मी तुम्हाला ओझं झालेय.' पगार चांगला आहे, पण एका रात्रीत हप्त्यावर महागडा फोन घेते आणि महिनाअखेरीला माझ्याकडे पैसे मागते.

मे महिन्यात घरी आली तेव्हा भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कुडते घालत होती. आईने हातावरचे वण पाहिले. मांजराने ओरबाडलं म्हणाली. तिच्या खोलीत मांजर नाही. त्याच मुक्कामात एका सकाळी आईने तिच्याआधी माझ्या मुलीला चहा दिला, एवढंच कारण झालं. कप भिरकावला, 'बाबा असते तर' म्हणत रडली, दार लावून घेतलं. आम्ही दिवसभर जेवलो नाही. संध्याकाळी पाचला बाहेर आली आणि आईला म्हणाली, 'थालीपीठ कर ना गं, लोणी आहे का?' जणू काही झालंच नाही.

मामा म्हणतात लग्न लावून द्या, सगळं ताळ्यावर येईल. आई एका देवर्ष्याकडे जाऊन आली, लिंबू-नारळ झाले. मी मोबाइलवर वाचलं, तर बायपोलर आणि बॉर्डरलाइन असे दोन शब्द मिळाले. कराडचं एक चांगलं स्थळ आलंय. हा स्वभाव की आजार? तिला डॉक्टरकडे न्यायचं कसं? आणि स्थळाला सांगायचं का?

उत्तर : दादा, थालीपीठापासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी ओळ तीच आहे.

बायपोलर आजारात मनाची भरती-ओहोटी संथ असते. उदासी निदान दोन आठवडे ठाण मांडून बसते, उन्माद आठवडाभर टिकतो. त्या दिवसांत माणूस तीन तास झोपूनही ताजातवाना असतो आणि त्याला बाहेरून कुणी काही बोलावंही लागत नाही. तुमच्या बहिणीचं वादळ सकाळी उठलं आणि संध्याकाळी पाचला शमलं. उठलं कशावरून, तर आपल्याआधी दुसऱ्या कुणाला तरी चहा मिळाला यावरून. तासांच्या हिशेबात बदलणारी मनःस्थिती आणि दर वेळी नात्यातली काडी, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की आम्ही बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचा विचार करतो. दवाखान्याच्या कागदांवर त्याला 'भावनिक अस्थिरता' असं जुनं नावही दिसेल. बायपोलरशी त्याची गल्लत डॉक्टरही करतात, आणि मग मुली वर्षानुवर्षं नको ती औषधं गिळत राहतात. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, हेही आहेच. म्हणून पत्रावरून निदान करत नाही. शंका मात्र रास्त आहे.

तुम्हाला राग आलाय तो मला कळतो. दिवसभर घर उपाशी आणि हिला लोणी पाहिजे! पण ती नाटक करत नव्हती. तिचं मन चटकन पेटतं, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त भाजतं, आणि आतली आग विझली की बाहेर सगळ्यांची विझली असावी असं तिला वाटतं. शिवाय त्या पाच वाजताच्या प्रश्नात थोडी चाचपणी असते : 'मी अजून या घरात आहे ना?' आईने थालीपीठ केलं असेल तर बरंच केलं.

आता स्वभाव की आजार. माझी एक थोरली आत्या होती. तेलाच्या बरणीवर पेन्सिलने खूण करायची, कामवालीने किती घेतलं ते कळावं म्हणून. पत्रिकेत नाव खालच्या ओळीत आलं म्हणून तीन लग्नांना गेली नाही. आम्ही सगळे 'आत्या म्हणजे आत्याच' म्हणून हसायचो. पुढे शिकायला लागल्यावर लक्षात आलं की तिने पन्नास वर्षांत एकही मैत्रीण टिकवली नव्हती, दोन्ही सुना वेगळ्या झाल्या होत्या, आणि दुखणं अंगावर काढलं तेही डॉक्टर लुबाडतात म्हणून. बरणीवरची खूण हा स्वभाव. तीच खूण घरात, शेजारात, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे निघत राहिली आणि तिचं आयुष्य आखडत गेलं, तेव्हा तो विकार झाला. तिला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जगच वाईट होतं. व्यक्तिमत्त्व विकारांत हे फार दिसतं, आणि म्हणून ती माणसं स्वतःहून आमच्याकडे कमी येतात. त्यांचे नातेवाईक येतात.

बॉर्डरलाइनमध्ये मात्र माणूस स्वतःही खूप सोसत असतो. त्याच्या नऊ खुणा सांगितल्या जातात आणि निदानासाठी निदान पाच लागतात. तुमच्या पत्रात मला यातल्या पाच-सहा दिसतात. आपल्याला टाकून जातील ही भीती (ते पंचवीस मिस्ड कॉल). माणसाला आज देव्हाऱ्यात बसवणं आणि उद्या उंबऱ्याबाहेर काढणं (रूममेट, पैठणी). उधळा खर्च, पण अविचारीपणा एकाच बाबतीत असून भागत नाही, म्हणून गाडी कशी चालवते, दारू किती, खाण्याची तऱ्हा काय, हे मला विचारावं लागेल. तासातासाला पालटणारं मन. न आवरणारा राग. स्वतःला इजा. राहिलेल्या तीन बाहेरून दिसत नाहीत : आतून पोकळ वाटणं, आपण नक्की कोण आहोत हेच न उमगणं, आणि ताण फार वाढला की काही वेळ संशयाने घेरलं जाणं किंवा स्वतःपासूनच तुटल्यासारखं होणं. ते तिलाच विचारायचं, आणि विचारायचं आम्ही. तुम्ही यादी घेऊन तिच्यासमोर बसू नका.

तुम्ही एक काम करा. गणिताचे मास्तर आहात, आखीव वही घरात असणारच. तीन रकाने पाडा : कधी झालं, त्याच्या लगेच आधी काय घडलं, शांत व्हायला किती तास लागले. मत लिहायचं नाही, 'नेहमीप्रमाणे तमाशा' असंही नाही. दीड-दोन महिन्यांची अशी वही घेऊन कुणी आलं की माझं निम्मं काम झालेलं असतं. आणि एक मागचं पान : चौदा-पंधराव्या वर्षी ती कशी होती? हे विकार तरुणपणाच्या उंबरठ्यावर दिसू लागतात. वडील गेल्यावर त्या मुलीशी त्याबद्दल कोण बोललं? माझा अंदाज, कुणीच नाही. तुम्ही स्वतः तेव्हा किती वर्षांचे होता आणि तुमच्याशी कोण बोललं, हेही एकदा मनात आणा.

पण वहीच्या आधी ते वण.

त्यांना 'लक्ष वेधण्यासाठी' म्हणू नका. बहुतेक जणी ते झाकतात. मे महिन्यातल्या पूर्ण बाह्या आठवा. आतली कळ काही मिनिटं तरी बोथट व्हावी म्हणून हे होतं. मरायचा इरादा दर वेळी नसतो, पण ज्यांच्या हातावर असे वण आहेत त्यांच्यात आत्महत्येचा धोका खरोखर जास्त असतो. म्हणून सरळ विचारायचं : 'तुला मरावंसं वाटतं का? कसं करायचं हे मनात ठरवलंयस का?' विचारल्याने तसं डोक्यात भरतं ही समजूत खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटीला सोडायचं नाही, गोळ्या-औषधं, कीटकनाशकं घरातून हलवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोलीस केसच्या धास्तीने कॅज्युअल्टीत नेणं टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. मध्यरात्री काय करावं कळेना, तर १४४१६. टेली-मानस ही सरकारी सेवा २४ तास चालते, मराठीतही बोलता येतं, आणि नातेवाइकांनी फोन केला तरी चालतो.

इथे माझी एक चूक सांगते. नवीन नवीन असताना, एका रुग्णालयाच्या रात्रपाळीत, गोळ्या खाऊन तिसऱ्यांदा आलेल्या १९ वर्षांच्या मुलीकडे बघून मी सिस्टरला म्हणाले, 'परत आली.' चार वर्षांनी ती माझ्या ओपीडीत आली, बरीच सावरलेली. उठता उठता म्हणाली, "मॅडम, त्या रात्री मी जागी होते." तेव्हापासून तो शब्द माझ्या खात्यात जमा आहे. तुमच्या घरात मामा वगैरे मंडळी जे शब्द वापरत असतील, ते दाराआडून ऐकू जातात असं धरून चाला.

न्यायचं कसं? भांडणाच्या दिवशी तर नाहीच. थालीपीठाच्या वेळी. 'तुला डिसऑर्डर आहे' या वाक्याने दार जे बंद होईल ते वर्षभर उघडणार नाही. जे तिला स्वतःला सलतं तिथून शिरा : झोप लागत नाही, ऑफिसातून रडत येते, मैत्रिणी टिकत नाहीत याचं तिलाच वाईट वाटतं. 'तुला एवढं सोसावं लागतं, ते कमी होतं का बघू या. पहिल्या वेळी मी बाहेर बसतो' इतकंच. देवर्ष्यावरून आईशी भांडू नका. त्या बाईने जे हाताशी होतं ते केलं. फक्त अंगाऱ्याबरोबर अपॉइंटमेंटही घ्या.

मधल्या काळात घरी काय करायचं, तर आधी भावना मान्य, मग मर्यादा. चहाच्या सकाळी 'एवढ्याशा चहावरून?' असं कुणीतरी म्हणालंच असेल. त्याऐवजी 'तुला वाटलं आपल्याला कुणी मोजतच नाही, होय ना?' असं म्हटलं की निम्मी धग जाते. मान्य केली ती भावना. कप फेकणं मान्य केलेलं नाही. मर्यादा घालताना मी काय करेन तेवढंच सांगायचं : 'तासाला मी वर्गावर असतो, फोन उचलता येत नाही. मधल्या सुट्टीत अकराला मी स्वतः करेन.' आणि मग अकराला फोन करायचाच, कितीही कंटाळा आला तरी. ज्या मुलीचा बाप एका सकाळी अचानक नाहीसा झाला, तिच्यासाठी दिलेल्या वेळी वाजणारा फोन हे मोठं औषध आहे. पैशांचंही तसंच. दर महिन्याला काय द्यायचं ते एकदा ठरवा आणि रडून वाढवू नका.

औषध म्हटलं म्हणून : या विकारावर म्हणून मंजूर झालेली गोळी नाही. सोबत उदासी किंवा चिंता असेल तर तिची औषधं देतो. खरा इलाज बोलून होणाऱ्या उपचाराचा, आणि तो महिनोन्महिने, कधी दीड-दोन वर्षं चालतो. सगळ्यात जास्त अभ्यासलेली पद्धत डीबीटी (डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी), अमेरिकेतल्या मार्शा लाइनहान या मानसशास्त्रज्ञ बाईंनी घडवलेली. भावना अंगावर आली की पहिली दहा मिनिटं काय करायचं, हे त्यात पाढ्यांसारखं शिकवतात आणि घोटून घेतात. लाइनहान स्वतः सतराव्या वर्षी अशाच कारणांनी रुग्णालयात दोन वर्षांहून जास्त होत्या. २०११ साली त्याच रुग्णालयात उभं राहून त्यांनी ते जगाला सांगितलं. तोवर त्यांच्या पद्धतीने किती तरी जणी सावरल्या होत्या. डीबीटी शिकलेला माणूस जवळपास नसला तर अडून बसू नका. पुण्यात अनुभवी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळतील. पहिल्या भेटीत 'व्यक्तिमत्त्व विकाराच्या रुग्णांबरोबर काम करता का?' हे विचारायला लाजू नका. आणि पहिल्या तीन महिन्यांत ती त्या सायकॉलॉजिस्टलाही देव्हाऱ्यात बसवेल आणि बाहेर काढेल. ते अपेक्षितच असतं, बदलायची घाई करू नका.

'हे आयुष्यभराचं' असं कुणी सांगेल. अमेरिकेत मेरी झानारिनी यांनी रुग्णालयातून गेलेल्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी ओसरलेली राहिली. नोकरी आणि नाती मिळून पूर्ण घडी बसली ती सुमारे निम्म्यांची. म्हणजे वादळं थांबतात. पडझड सावरायला वेळ लागतो.

स्थळाचं आता. मामांना सांगा, लग्न हा उपचार नाही. ज्या मुलीला टाकून दिलं जाण्याचीच भीती आहे, तिला अनोळखी घरात नेऊन सोडणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. सध्या 'वर्षभर थांबतोय' एवढं कळवा, कारण देण्याची गरज नाही. पुढे कधी लग्न ठरवायचं झालं तर सांगायचं, आणि सांगायचं तिनेच, तिच्या शब्दांत, मुलाला. लपवून केलेलं लग्न कायद्यानेही कच्चं राहतं. महत्त्वाची बाब दडवून मिळवलेली संमती हिंदू विवाह कायद्यात फसवणूक ठरू शकते. आणि कायदा राहू द्या बाजूला. रोज बाह्या खाली ओढत संसार करायचा, ही शिक्षा तिला कशाला?

प्रश्न : माझे पती ६१ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. आयुष्यभर मितभाषी आणि काटकसरी. गेल्या दीड वर्षात एकदम बदलले. शेजारच्या काकूंच्या तिसऱ्या दिवशी मोठ्याने हसले. भाचीसमोर अचकट विचकट बोलतात. गोड इतकं खातात की डबे लपवावे लागतात. ऑनलाइन नको त्या वस्तू मागवतात. मी तापाने फणफणले होते तर 'जेवायला काय?' एवढंच विचारलं. मुलगी म्हणते, रील्समध्ये सांगतात तसे बाबा नार्सिसिस्ट, म्हणजे फक्त स्वतःपुरतं बघणारे आहेत. स्मरणशक्ती उत्तम आहे, सगळ्यांचे फोन नंबर पाठ आहेत.

उत्तर : ताई, मुलीला रील्स बंद करायला सांगा आणि या आठवड्यातच न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या.

वरच्या पत्राला मी 'पंधराव्या वर्षी कशी होती' असं विचारलं, ते याचसाठी. व्यक्तिमत्त्व विकार साठीत नव्याने उगवत नाही. साठ वर्षं एका वळणाने चाललेला माणूस दीड वर्षात आडवा चालू लागला, तर आधी मेंदूकडे बघायचं. तुम्ही लिहिलेलं चित्र (लाजलज्जा सुटणं, गोडाची हाव, जवळच्या माणसाबद्दल काहीच न वाटणं) फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या, मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजवणाऱ्या आजाराशी जुळणारं आहे. तो बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, आणि त्याच्या सुरुवातीला स्मरणशक्ती शाबूत असू शकते. म्हणूनच तो घरच्यांना चकवतो : नंबर पाठ, मग डिमेन्शिया कसला? दुसरी कारणंही असू शकतात, काही सहज बरी होणारी. एमआरआय, थायरॉइड, बी-१२ या तपासण्या तर होतीलच. दारू किंवा नवीन सुरू झालेली कुठलीही गोळी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. डोक्याला मार लागला होता का, ते आठवा.

तोवर एटीएम कार्ड आणि यूपीआयची मर्यादा कमी करून घ्या. बँकेत आयुष्य गेलेल्या नवऱ्याला पैशांवरून समजावायला जाऊ नका, तो हिशेबात तुम्हाला हरवेल. आणि त्या तापाच्या दिवसाचा सल मनात असेल, तर तपासणी होईपर्यंत तो बाजूला ठेवता आला तर पाहा. बहुधा तुमचा नवरा त्या दिवशी तिथे नव्हताच.

प्रश्न : लग्नाला सहा वर्षं झाली. नवरा चिडला की हात उगारतो, दोनदा गळा धरला. नंतर पाया पडून माफी मागतो. कंपनीत सगळे त्याला 'शांत माणूस' म्हणतात. त्याला पर्सनॅलिटी डिसऑर्डर असेल का? असेल तर मी त्याला समजून घ्यायला हवं का?

उत्तर : साहेब ओरडतात तेव्हा त्याचा हात उठत नाही. म्हणजे हात आवरता येतो.

त्याला काही विकार आहे की नाही हे तो ज्या दिवशी स्वतः दवाखान्यात येईल त्या दिवशी पाहू. तुमच्या सुरक्षिततेला त्या उत्तराची वाट बघायची गरज नाही. गळा धरला होता, हे मी दोनदा वाचलं. घरगुती हिंसाचारात यापेक्षा धोक्याच्या खुणा फार थोड्या आहेत. गिळताना दुखणं, आवाज बसणं, चक्कर, यातलं काहीही झालं असेल तर डॉक्टरला दाखवा आणि 'गळा दाबला होता' असं केसपेपरवर लिहून घ्या. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, जीव धोक्यात असेल तर ११२. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. त्यांच्याकडे अर्ज केला म्हणजे घटस्फोट घ्यावा लागतो असं नाही, आणि घरात राहण्याचा हक्कही त्याच कायद्याने मागता येतो. आधार कार्ड, दागिने, मुलांचे दाखले आणि थोडी रोकड एका पिशवीत भरून विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

तुमच्या पाकिटावर सासरचा पत्ता आहे, म्हणून सविस्तर उत्तर टपालाने पाठवलेलं नाही. माहेरचा किंवा मैत्रिणीचा पत्ता कळवा.